पाचवा मजूर

“दहा दिवस,” अपेक्षा म्हणाली.

“आगं भवाने, परत वाच.” कालपासून ती हेच उत्तर देत होती आणि माझं डोकं फिरायची वेळ आली होती.

तिनं पुस्तक नाकाशी धरलं. “चार मजूर एका शेतातला ऊस दहा दिवसांत तोडतात. तर तेवढाच ऊस पाच मजूर किती दिवसांत तोडतील?” वाचून झाल्यावर डब्याच्या झाकणावर साचलेल्या पिठात तिनं बोटानं पुन्हा दहाच काढले.

चौसाळ्यात माझी पिठाची गिरणी आहे. मालक गेल्यापासून मीच चालवते. दुपारी दळणं कमी. पत्र्याच्या भोकांतून ऊन उतरतं, त्यात पीठ तरंगत राहतं आणि पट्ट्याची घरघर ऐकता ऐकता डोळे जड होतात. जागी आहे की झोपेत, माझं मलाच कळत नाही. अशाच तंद्रीत एकदा ही पोर दळण घेऊन आली आणि रोजचीच झाली. पाचवीत आहे, शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसायचंय. पाढे तोंडपाठ, पण शाब्दिक उदाहरण आलं की गाडी भलत्याच रस्त्याला. वरच्या नळानं हौद भरतो आणि खालच्या नळानं रिकामा होतो म्हटलं, तर मला विचारते, “खालचा नळ कावून बंद करत न्हाईत वो आज्जी?” आता काय सांगायचं, कपाळ!

कोपऱ्यात तिची आत्या साखराबाई बाजरीच्या गोणीला टेकून बसली होती. नवरा उसाच्या फडातच वारला, तेव्हा तिनं शपथ घेतली होती, पुन्हा कोयत्याला हात लावणार नाही म्हणून. लोकांच्या शेतात खुरपत होती, पण फडावर गेली नव्हती.

“बघ,” मी अपेक्षाला म्हणाले, “एकटीच्या जागी दोघींनी भाकरी थापल्या तर काय व्हतं?”

“लवकर व्हत्यात.”

“मग माणूस वाढला तर दिवस कमी न्हाई का व्हणार?”

“पण पाचवा कामावर आलाच न्हाई ना.”

“कुठं लिव्हलंय तसं?”

“लिव्हायला कशाला पायजे?” माझीच कीव यावी तसं तिनं बघितलं. “चार मजूर म्हंजी दोन कोयते. पाचवा एकटाच हाय. अर्धा कोयता. मुकादम त्याला गाडीत घेतच न्हाई. मग चारच राह्यले. दहाच दिवस लागत्यात.”

आमच्याकडं ऊसतोडीला माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा. पोरीची आई उन्हाळ्यात काविळीनं गेली आणि बाप, अजिनाथ, अर्धा झाला. मुकादम त्याला म्हणाला, पोरगी आण, मोळ्या बांधील. दसरा झाला की ती जाणार होती, आणि परीक्षा तिच्या माघारी होणार होती. सगळ्या गावाला ठाऊक होतं. मला या सगळ्याचा इतका संताप यायचा, की मी रोज हट्टानं तिला नवं उदाहरण घालत होते.

“मी गेले की पप्पा पुरे व्हत्यात,” ती शांतपणे म्हणाली.

गिरणीत घातलेलं आधीचं दळण केव्हाच संपलं होतं, दगड नुसतेच एकमेकांवर घासत होते. माझ्या ते ध्यानातच आलं नाही. साखराबाईनं उठून बटण बंद केलं. एवढ्या शांततेची कानांना सवय नव्हती.

“आक्का, खरं उत्तर काय हाय त्याचं?” तिनं मला विचारलं.

“आठ दिवस.”

“म्हंजी पाचव्याला धरून?”

“धरूनच की.”

ती पोरीकडं बघत राहिली. मग गोणीचं तोंड सोडलं. “बाजरी समदी दळा. वाटंला लागंल.”

“कुणाच्या वाटंला?”

“माझ्या. अजिनाथ अर्धा, मी अर्धी. भाऊ-बहिणीचा बी कोयता चालतो. मुकादमाशी मी बोलते.”

“आवो, पण तुमची शपथ?”

“शपथ घेतली तवा वैनी जिती व्हती.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “पोरगी तुमच्यापाशी राहील का?”

“राहील, जेवंल, आन रोज माझं डोकं खाईल,” मी म्हणाले.

दसऱ्यानंतर गाडी हमरस्त्यावर आली. भांडी-बिछान्यांच्या ढिगावर साखराबाई बसली होती. मांडीवर जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेला कोयता होता आणि ती त्याच्याकडं बघत नव्हती. शेजारी अजिनाथ. त्यानं लेकीला हात केला, लेकीनंही केला. गाडी गेली. पोर रडली नाही.

दुपारी ती गिरणीत आली. ऊन तसंच उतरत होतं. पुस्तक न उघडता ती डब्याशी गेली आणि झाकणावरच्या पिठात बोटानं आठ काढले.

“पाचव्याला घेतलं ना, आज्जी,” ती म्हणाली.

“बरोबर हाय,” मी म्हणाले.

तिनं मान वर केली नाही. आकड्याच्या शेजारी पिठावर एक थेंब पडला, मग दुसरा. मी उठले आणि गिरणी सुरू केली.