मुद्दाम

"कोणी सांगितलं तुम्हाला हे करायला, तेवढं बोला मॅडम," वाल्मीक म्हणाला. अंबडच्या कारखान्यातल्या कामगारांच्या बसगाड्यांचं काम अंजलीकडे होतं आणि चार नंबरच्या गाडीचा हा ड्रायव्हर सकाळची फेरी संपवून तडक तिच्या टेबलाशी आला होता.

नव्या सॉफ्टवेअरने सोमवारपासून गाड्यांमधली माणसं इकडची तिकडे केली होती. त्यात पॅकिंगमधली सृष्टी त्याच्या गाडीतून सात नंबरला गेली. सृष्टी ही वाल्मीकची एकुलती एक लेक. तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद होतं. तो लग्नाला गेला नाही, जेल रोडचं तिचं घरही त्याने पाहिलं नव्हतं. पण रोज सकाळी नाशिक रोडला बिटकोच्या थांब्यावर ती त्याच्या गाडीत चढायची आणि अंबडपर्यंत तो तिला आरशात बघत यायचा. एवढ्यावर त्याचं भागत होतं. कारखान्यात हे नातं कोणाला ठाऊक नव्हतं. त्यानेच तसं ठेवलं होतं.

माणूस मुळातच संशयी. पंपावर डिझेल भरतानाही मीटरवरची नजर हलू द्यायचा नाही. त्याने आधी सात नंबरचा ड्रायव्हर नवनाथ याच्यावर संशय घेतला, मग अंजलीवर. आता तिसराच संशय त्याला पोखरत होता. पोरीनेच सांगितलं असेल, मला त्यांच्या गाडीत नको म्हणून.

अंजलीने शांतपणे समजावलं. एवढी माणसं, एवढे थांबे. कोण कुठल्या गाडीत, याच्या सगळ्या जुळण्या तपासत बसलं तर जन्म पुरायचा नाही. म्हणून कॉम्प्युटर एक कामचलाऊ जुळणी घेतो, या गाडीतला माणूस त्या गाडीत टाकून बघतो आणि गाड्यांचं एकूण अंतर घटलं तर तसंच ठेवतो. कधी कधी अंतर वाढलं तरी मुद्दाम ठेवतो, नाहीतर एकाच जागी अडकून बसतो.

"मुद्दाम," वाल्मीकने नेमका तो शब्द धरला. "म्हंजे सांगणारं हाय कुणीतरी."

"कोणी नाही हो काका. त्याला फक्त अंतर कळतं." त्याने विचारलं होतं ते सृष्टीचं नाव तिने स्क्रीनवर काढलं. "हिच्या तर दारावरूनच सात नंबर जाते, पहिल्यापासून. तरी ही बिटकोपर्यंत चालत यायची. गाडी बदलल्याचं कळवायला मी फोन केला तेव्हाही म्हणाली, मला चार नंबरलाच राहू द्या. का, ते मात्र सांगेना. कारण नसलं तर मला एका गाडीला नाव पक्कं करता येत नाही."

उन्हापावसात पोरगी तेवढं चालत येत होती आणि आपण समजत होतो, दुसरी गाडी नाही म्हणून बसते. वाल्मीकला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"चारला करू का पक्कं?" अंजलीने विचारलं. "कारण काय लिहू?"

दाराशी नवनाथ आणि आणखी दोघे ड्रायव्हर चहा घेत उभे होते. वाल्मीकने एकवार त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "लिवा, माझी लेक हाय ती."