गॅस पास झाला काय?

माझ्या बायकोला, सोमारीला जाऊन आता वर्ष होत आलं. तेंदूची फळं, टेंभरं पिकली की मला तिच्यासोबतचे दवाखान्यातले दिवस आठवतात.

त्या उन्हाळ्यात आम्ही दोघं तेंदूपत्ता तोडायला जंगलात जायचो. झाडाखाली पिकलेली टेंभरं पडलेली असत. मी उपाशीपोटी ओंजळी भरभरून खायचो. सोमारी म्हणायची, "अस्वलाले तरी ठेवा थोडे."

एक दिवस पोट फुगलं. पाणीही पोटात टिकेना. मला वडशाच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरणी, सांगलीकडची. तिनं पोटाचा फोटो पाहिला.

"टेंभरांचा गोळा होऊन आतडं अडकलंय. नाकातून नळी घालू, सलाईन लावू. तोंडानं काही घ्यायचं नाही. सकाळपर्यंत मोकळं झालं नाही तर ऑपरेशन."

मी राइस मिलमध्ये धानाची पोती उचलायचो. आमच्यातल्या पत्रूचं पोट फाडलं, तेव्हापासून तो नुसता मिलच्या फाटकावर बसून असायचा. मला त्याचीच भीती.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईनं विचारलं, "काका, गॅस पास झाला का?"

उत्तर सोमारीनं दिलं. "नाई जी बाई. फारम भरला हाय, पण पास नाई झाला अजून. आमी चुलीवरच रांधतो."

बाजूच्या खाटेवर इनायतभाई होते, बांगड्यांचे दुकानवाले. पोटाचे टाके धरून हसू लागले. "भाभी, सिलेंडर नाई! भाऊ पादले काय, ते विचारून राह्यल्या बाई!"

सोमारीनं पदर तोंडाला लावला. मग उठली. "चला, उठा मंग."

सलाईनची बाटली वर धरून तिनं मला व्हरांड्यात फिरवलं. प्रत्येक खांबापाशी विचारायची, "पास झाला काय?" मी चिडायचो. ती हसायची. मला हसू आलं की पोट दुखायचं.

उजाडल्यावर पुन्हा फिरवत होती, तेव्हा मोठा आवाज झाला. तिथूनच ती ओरडली, "पास झाला जी बाई! माह्या माणसाचा पास झाला!" सगळा वॉर्ड हसला. इनायतभाईंनी टाळ्या वाजवल्या.

डॉक्टरीणबाईनं पोट दाबून पाहिलं. म्हणाली, "ऑपरेशन नको."

नळी निघाल्यावर सोमारीनं मिठाची पातळ पेज पाजली. तशी चव पुन्हा कशाला आली नाही. काही दिवसांनी मी मिलमध्ये पोती उचलू लागलो.

मग घरात तो खेळच झाला. आवाज आला की ती चुलीपासून विचारायची, "पास झाला काय?" जावयासमोरसुद्धा. आमची लेक दीपिका लाजून उठून जायची. पुढं खरंच सिलेंडर आला, पण पेज ती चुलीवरच करायची.

यंदाही टेंभरं पिकलीत. मी हात लावला नाही. काल पेज करून प्यायलो, उठलो आणि आवाज झाला. सवयीनं चुलीकडे पाहिलं. कोणी विचारलं नाही.

मीच म्हणालो, "झाला वं."