निळा धूर

"रिंगा गेल्या," पंजाबराव म्हणाले आणि पुसलेले हात पुन्हा पुसले. "इंजिन उतरवा लागते, ताई. दुसरा इलाज नाही."

वच्छलाताईंनी नुसती मान हलवली. इंझोरीला नर्स म्हणून त्यांनी उभी नोकरी काढली होती. वाईट बातमी कशी ऐकायची, हे त्यांना ठाऊक होतं.

"उतरवून काय करू, पंजाबभाऊ? पोरगा तं म्हणून राह्यला, भंगारात देऊन टाक. वाशीमचा माणूस संध्याकाळी गाडी न्याले येऊन राह्यला. म्हटलं, एक डाव तुमाले दाखवावं."

गाडी लहान, पांढरी आणि चांगलीच जुनी. आडवेळेला अडलेल्या बाळंतिणींना वच्छलाताई हिच्यातूनच दवाखान्यात आणत. दोन पोरं तर मागच्या सीटवरच जन्मली. नोकरी संपली आणि गाडी गोठ्यात उभी राहिली ती दोन वर्षं. आता चालू केली की मागून निळा धूर सोडत होती.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, हे कुणीही सांगेल. ते खालून, पिस्टनच्या झिजलेल्या रिंगांवरून येतं की वरून, व्हॉल्वच्या रबरी सीलांतून झिरपतं, हे ओळखण्यात मिस्त्रीचा कस लागतो. आणि मंगरूळपीरच्या बसस्टँडमागे मिस्त्री म्हणजे पंजाबराव. त्यांनी तिथं टिनाचं शेड टाकलं तेव्हा, 'ह्याच्याकडं कोण गाडी देते?' म्हणून हसणारे होते. त्यांच्या बापाला ज्यांच्या ओसरीवर बसायला मिळालं नव्हतं, तेच पुढे गाड्या घेऊन आले आणि पंजाबरावांनी सांगितलेलं निमूट ऐकू लागले.

"बाबा, रिंगा नसन."

गाडीच्या पलीकडून सपना बोलली. आयटीआय करून ती बापाच्या हाताखाली आली त्याला बरीच वर्षं झाली होती. पण गिऱ्हाइकासमोर तिनं त्यांचा शब्द कधी खोडला नव्हता.

"काहून नसन?"

"ताई सांगून राह्यल्या ना, सकाळी चालू केली का भसकन धूर येते, मंग बंद होते. रिंगा गेल्या असत्या तं चढावर जोर लागला का आला असता. तुमी उभ्या गाडीचा धूर पाह्यला. एक चक्कर मारून पाहू."

पंजाबरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. 'तुले शिकवलं कोनं?' हे अगदी जिभेवर आलं होतं. पण त्याचं उत्तर त्यांनाच ठाऊक होतं. ते मागच्या सीटवर जाऊन बसले आणि मागच्या काचेकडे तोंड केलं. वच्छलाताई पुढे बसल्या.

गावाबाहेर सपनानं गाडी चढाला घातली आणि पाय दाबला. इंजिन कण्हलं. मागे रस्ता स्वच्छ, दोन्ही कडेला तुरी उभ्या. धुराची एक रेघसुद्धा नाही. टेकाडावरून उतार लागला तसा तिनं पाय उचलला आणि गाडी गिअरमध्येच उतरू दिली. खाली पोचताच पुन्हा पाय दिला.

काचेमागे निळा लोट उठला. मागून येणारा ऑटोवाला त्यात दिसेनासा झाला आणि खोकत, शिव्या देत बाहेर आला.

पंजाबराव त्या धुराकडे बघत राहिले. उतारावर पाय सोडला की इंजिन वरून ऑइल ओढून घेत होतं, वाळून कडक झालेल्या सीलांतून. दोन वर्षं उभ्या गाडीत रबर वाळणारच. एवढी साधी गोष्ट.

शेडमध्ये परत आल्यावर सपनानं प्लग काढून दाबाचं मीटर लावलं. तिन्ही सिलिंडरांचा दाब सारखा आणि भरपूर होता. म्हणजे रिंगा धडधाकट. तिनं मीटर खाली ठेवलं. वच्छलाताई पंजाबरावांकडे बघत होत्या. सपनाही त्यांच्याकडेच बघत होती.

पंजाबरावांनी घसा साफ केला.

"ताई, माहं चुकलं. इंजिनले काई झालं नाही. वरची सीलं गेली."

"पक्कं?"

"मले काहून इचारता? तिले इचारा. तिनं पकडलं."

वच्छलाताई सपनाकडे वळल्या. सपनानं एकदा बापाकडे पाहिलं, मग ताठ उभी राहून म्हणाली, "पक्कं, ताई. इंजिन उतरवाचं काम नाही. उद्या घेऊन जा."

वच्छलाताईंनी तिथूनच वाशीमला फोन लावला. "येऊ नोका बाप्पा. गाडी जित्ती आहे."

रात्री उशिरापर्यंत बसून सपनानं नवी सीलं घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनाला वच्छलाताईंनी स्वतः चावी मारली. पंजाबराव मागे उकिडवे बसून सायलेन्सरकडे बघत होते. इंजिन धडधडलं, लागलं. धूर नाही. गाडी इंझोरीच्या रस्त्याला लागून दिसेनाशी झाली, तरी ते तसेच बसून होते. मग उठले आणि थेट हेमसिंगच्या चहाच्या टपरीवर गेले.

येईल त्याला ते हीच गोष्ट सांगत होते. आपण उभ्या उभ्या निकाल कसा दिला, पोरीनं गिऱ्हाइकादेखत कसं खोडलं, चढ, उतार, ऑटोवाला, सगळं. दरवेळी सांगताना त्यांची स्वतःची चूक थोडी मोठी होत होती.

"मिस्त्री, सारं काम पोरीनंच केलं," हेमसिंग हसत म्हणाला, "मंग तुमी काय केलं?"

पंजाबरावांनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली.

"मी? मी टॉर्च धरला. पोरगी म्हणे जरा इकडं, तं इकडं धरला."