गाळलेला शब्द

तिने शब्दांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुन्हा एकदा चाळला. ‘ऑर्बिट’ होता, ‘ऑर्बिटल’ होता, त्यांच्यामागून ‘ऑर्चर्ड’ही हजर होता. मधली ‘ऑर्बिटी’ तेवढी गायब.

इंग्रजी-मराठी कोशाच्या कचेरीत ती आजच परतली होती. तिची लेक गेली, त्याला सगळे ‘ताईंची रजा’ म्हणत होते. ‘ऑर्बिटी’ची चिठ्ठी तिनेच रजेआधी केली होती. अर्थ लिहायचा राहिला होता, आणि तेव्हा तिला तो शब्द नुसता गमतीशीर वाटला होता.

“आप्पा, एक शब्द सापडत नाहीये.”

समोरच्या टेबलावर मुख्य संपादक आप्पा पेन्सिलीला टोक काढत होते. टोक झालं तरी ते काढतच राहिले.

“कुठला?”

“तुम्हाला ठाऊक आहे कुठला.”

“मेलेला शब्द आहे तो...” आप्पांनी जीभ चावली. “म्हणजे जुना. कुणी वापरत नाही. उगाच जागा अडवतो. म्हटलं, गाळून टाकू.”

“बाकीचे जुने शब्द बरे ठेवलेत?”

आप्पांनी खण उघडून चिठ्ठी पुढे केली. त्यांच्या सुबक अक्षरात अर्थ लिहिलेला होता : निपुत्रिक अवस्था.

 ते दोन शब्द वाचून तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

“हे चूक आहे, आप्पा. निपुत्रिक म्हणजे जिला मूल झालंच नाही. मला झालं होतं. चांगलं माझ्या खांद्याला लागलं होतं.”

तिने ते खोडलं आणि लिहिलं : मूल गमावलेल्या आईची किंवा बापाची अवस्था. ‘ऑर्फन’ याच कुळातला, तीही नोंद केली. ‘ऑर्बिट’ अगदी शेजारी राहणारा, पण त्याला याचं काही सोयरसुतक नाही.

“मघाशी पलीकडच्या खोलीत पोरांच्या परीक्षेवरून हसणं चाललं होतं. मी आत आले आणि सगळे गप्प. तिचं नावही कुणी काढत नाही. तुम्ही तर शब्दच काढून टाकलात.”

“तुम्हाला त्रास नको म्हणून, ताई. खरंच.”

“त्रास व्हायचा तो झालाय. आता ती नव्हतीच असं नका वागू. तेवढं एक नका करू.”

आप्पांनी पेन्सिल खाली ठेवली.  मग चाचरत त्यांनी विचारलं, “तुमच्या या कामाबद्दल काय म्हणायची हो ती?”

“म्हणायची, आई, दिवसभर शब्द शोधायचा पगार घेतेस, आणि घरी स्वतःचा चष्मा सापडत नाही तुला!”

आप्पांना खळखळून हसू आलं. लगेच त्यांनी तोंडावर हात दाबला.

“हसा हो,” ती म्हणाली. “ती गेल्यापासून तिच्या बोलण्यावर कुणी हसलेलं नाही.”

आप्पांनी खुर्ची जवळ ओढली. “आणखी काय म्हणायची?”

“खूप काही. सांगते ना.”

तिने तोंड उघडलं, आणि तिला काहीच आठवेना. दिवसरात्र कानात घुमणारी लेकीची ती बडबड, तिच्यातलं एक वाक्य हाती लागेना. ती घाबरली. टेबलाची कड तिने घट्ट धरली.

“सावकाश,” आप्पा म्हणाले. “मी बसलोय.”