तुम्हीच टाइप करा, भाऊजी

दीर तिला ऑफिसातही वहिनी म्हणायचा, म्हणून हळूहळू अख्खं ऑफिस तिला वहिनी म्हणायला लागलं. त्याला तिथे चिकटवलं होतं तिनेच, मालकीणबाईंकडे शब्द टाकून. रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबना ही कंपनी सॉफ्टवेअर पुरवायची आणि सर्व्हर सांभाळायचे वहिनीने. दीर बोलका. कामापेक्षा कामाचं वर्णन करण्यात जास्त तरबेज. चार वर्षांत तो तिचा साहेब झाला. तिला त्याचं काही वाटलं नाही, घरचाच माणूस.

मग एका मंगळवारी कुणीतरी इंटरनेटवरून एक पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरचा तयार तुकडा, उचलून थेट चालू सर्व्हरवर टाकलं. अकरा लॅबमध्ये एका पेशंटचे आकडे दुसऱ्याच्या नावावर छापून आले. भर मीटिंगमध्ये दीर म्हणाला, "सर्व्हर वहिनींच्या ताब्यात असतो. घरच्या आहेत म्हणून मी पांघरूण घालणार नाही." सर्व्हरवरची नोंद बघू द्या, असं तिने म्हटलं, तर म्हणाला, डिस्क जळाली. तोवर तिचा ॲक्सेस त्याने काढूनही टाकला होता. अकरा लॅबना दिलगिरीचं पत्र गेलं, त्यात दोषी म्हणून तिचं पूर्ण नाव. आडनाव दोघांचं एकच, पण बदनामी एकटीची.

घरी सासूबाई आठ दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. नवरा म्हणाला, "जाऊ दे गं, भाऊ आहे माझा."

तिने जाऊ दिलं नाही. नोकरी सोडली आणि बाहेरची कामं घ्यायला लागली. ज्या कंपन्यांना असाच धडा मिळाला होता त्यांच्याकडे जाऊन पॅकेजांची रिपॉझिटरी बसवून द्यायची. म्हणजे एक कोठार. बाहेरून येणारं प्रत्येक पॅकेज आधी तिथे उतरणार, तपासलं जाणार, कुणी मागवलं ते लिहिलं जाणार, मगच पुढे. या कामात तिचं नाव झालं. आणि तीन वर्षांनी मालकीणबाईंचा फोन आला. एका मोठ्या हॉस्पिटलने अट घातली होती: आधी रिपॉझिटरी, मग करार.

"जुनं मनात ठेवू नका," मालकीणबाई म्हणाल्या.

"छे हो," वहिनी म्हणाली. "सोमवारी येते."

सोमवारी दीर लिफ्टपाशीच भेटला. "वा, वहिनी! घरचं काम घरातच आलं."

"हो ना, भाऊजी."

तिला कोपऱ्यातलं टेबल आणि डगमगती खुर्ची मिळाली. कामाला लागण्याआधी तिने ऑफिसातल्या चालू मशीनांची यादी काढली आणि सातव्या ओळीवर तिचं बोट थांबलं. तेच मशीन. जळालेलं. ठणठणीत जिवंत होतं आणि तीन जुन्या लॅबना अजून अपडेट पुरवत होतं. चेहऱ्यावरची रेषही तिने हलू दिली नाही.

पुढचे दोन दिवस तिने मान वर केली नाही. नव्या लिनक्स सर्व्हरवर रिपॉझिटरीसाठी वेगळा युजर काढला, कारण असलं सॉफ्टवेअर रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी युजरच्या, अधिकारात चालवायचं नसतं. साठ्याला स्वतंत्र डिस्क दिली. एका वेळी किती फायली उघडाव्यात ती मर्यादा वाढवली, मशीन बंद पडून उठलं तरी आपोआप चालू होईल अशी सर्व्हिस लावली, पोर्ट फक्त ऑफिसच्या आतून उघडा ठेवला. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा लॉगवर ओळी सरकत राहिल्या. चार मिनिटांनी 'सुरू झालं' अशी ओळ आली. सॉफ्टवेअरने फाइलमध्ये लिहून ठेवलेला पहिला पासवर्ड तिने लगेच बदलला आणि बिननावाच्या माणसाला दार बंद केलं. काम चोख होतं. सूड घ्यायचा म्हणून हात राखून काम करणाऱ्यांतली ती नव्हती.

बुधवारी मीटिंग रूममध्ये सगळे जमले: मालकीणबाई, दीर, पाच प्रोग्रामर. भिंतीवर मोठा पडदा.

"आता जुनी पॅकेजेस आत घ्यायची," वहिनी म्हणाली. "कुठलं कधी टाकलं, कुणी टाकलं, ती यादीही लागेल. हॉस्पिटलची अट आहे."

"जुनं कशाला उकरायचं, वहिनी?" दीर हसला. "नव्यापासून सुरू करू की."

"तीन लॅब अजून जुन्या मशीनवरून अपडेट घेतात, भाऊजी."

"कुठलं जुनं मशीन?" मालकीणबाईंनी विचारलं.

"जळालं म्हणून भाऊजींनी सांगितलं होतं ना, ते."

"ते... नंतर दुरुस्त झालं," दीर म्हणाला.

"मग काढा यादी," मालकीणबाई म्हणाल्या.

वहिनीने कीबोर्ड टेबलावरून त्याच्याकडे सरकवला. "तुम्हीच टाइप करा, भाऊजी. मला त्या मशीनचा ॲक्सेस नाही. तुम्हीच काढला होता."

त्याने लॉगिन केलं. "डीएनएफ," तिने पॅकेजं टाकणाऱ्या कमांडचं नाव सांगितलं, "आणि पुढे हिस्टरी." तो दोनदा चुकला. तिने पहिलीच्या मुलाला सांगावं तसं एकेक अक्षर सांगितलं. एच. आय. एस. पडदा भरला. तिने त्या मंगळवारची ओळ दाखवली आणि तिचा तपशील मागवायला लावला. रूट होऊन काही केलं तरी आधी लॉगिन कुणी केलं होतं, हे ती नोंद विसरत नाही, हे दिराला तीन वर्षांपूर्वीही ठाऊक नव्हतं आणि आताही नव्हतं.

पॅकेजचं नाव. दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. युजर.

"जरा मोठ्याने वाचता का?" वहिनी म्हणाली. "मागच्यांना दिसत नसेल."

त्याने स्वतःचं नाव वाचलं. मागे ऐकू गेलं नाही, म्हणून तिने पुन्हा वाचायला लावलं.

नंतर आपल्या केबिनमध्ये मालकीणबाई म्हणाल्या, "आजच काढते त्याला."

"नको," वहिनी म्हणाली. "राहू द्या. साहेबकी तेवढी काढा. आणि त्याच अकरा लॅबना खरं काय ते सांगणारं पत्र जाऊ दे, भाऊजींच्या सहीने."

"मन मोठं आहे हो तुमचं."

वर्षभराच्या देखभालीच्या करारात एक कलम वहिनीने आधीच घातलं होतं: नव्या पॅकेजला मंजुरी तिची.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. "घरातलं घरात मिटवता आलं असतं."

"आलं असतं, आई. भाऊजींनी अकरा लॅबना पत्र धाडलं ना, त्याच्या आधी."

नवरा शेजारी बसून होता. या वेळी तो 'जाऊ दे' म्हणाला नाही.

पुढच्या सोमवारी साडेनऊला दिराची पहिली विनंती आली. तारखा नीट छापणारं एक लहानसं पॅकेज. वहिनीने तपासलं, त्यात काही खोट नव्हती. अर्ध्या मिनिटाचं काम. तिने लॅपटॉप मिटला, धुतलेले कपडे वाळत घातले, कपाटाचे दोन खण आवरले. अकराला त्याचा फोन आला. "वहिनी, जरा बघता का? काम अडलंय."

"बघते हं, भाऊजी."

दोनला मेल आला. 'कृपया मंजुरी मिळावी, ही नम्र विनंती.' 'नम्र' हा शब्द तिने दोनदा वाचला. मग चहा टाकला. साडेपाचला, त्याची निघायची वेळ होऊन गेल्यावर, तिने मंजुरी दिली.