राजेश्रीनं फसवलेली पद्धत

डॉक्टर साधना परभणीच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक सुरक्षा शिकवत. नेटवर्कमध्ये शिरलेलं खोटं यंत्र ओळखायची त्यांची पद्धत परदेशातही वापरली जाई. त्याच संशोधनावर त्यांचं नाव झालं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत त्या पेडगावला आईकडे होत्या. तिथं त्यांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी राजेश्री वालूरहून येऊन थडकली. लॅपटॉप उघडून ती चाचरत म्हणाली, "मॅडम, तुमची पद्धत फसतेय. खोटं यंत्र खरं म्हणून आत जातंय."

साधनाबाईंनी प्रयोग स्वतः करून पाहिला, मग पुन्हा केला. पोरीचं बरोबर होतं.

मेंढरं कोंडून आलेल्या सुगंधाबाईंनी लेकीला विचारलं, "तोंड कामून उतरलंय गं?"

"मी केलेलं कुलूप हिनं उघडलं, माय."

"मंग लय हुशार हाय की पोरगी! च्या दिला का तिला?"

साधनाबाईंना हसू फुटलं. चहा ठेवता ठेवता त्या राजेश्रीला म्हणाल्या, "ही पद्धत वापरणाऱ्या सगळ्यांना आजच कळवू. मग लेख लिही. पहिलं नाव तुझं."

हैदराबादच्या परिषदेत राजेश्रीनं लेख मांडला, तेव्हा कुणीतरी विचारलं, "मूळ पद्धत कुणाची?" श्रोत्यांतून साधनाबाईंनी शांतपणे हात वर केला.

पुढं दोघींनी मिळून नवी पद्धत तयार केली. ती फसते का हे तपासायला त्यांनी ती आधी वर्गातल्या मुलांच्या हवाली केली.