बानूबाईंनी गाळलेलं नाव

मी शिवशंकरच्या लोखंडी पेटीतला जुना माईक. देवगाव फाट्यावर त्याचं मंडपाचं दुकान आहे, तिथं पडून असतो. जाळी चेपली, आवाज खरखरतो. तरी दोन शब्द बोलावेसे वाटतात. माझ्याबद्दल कमी, बानूबाईंबद्दल जास्त.

शिवशंकरनं मला परभणीच्या बाजारातून आणलं. पुढाऱ्यांची भाषणं, हरवलेल्या म्हशीची दवंडी, सगळं माझ्यातून गेलं. माणसं मला घट्ट धरून ओरडतात आणि वर विचारतात, "आवाज येतोय का?"

बानूबाई मेंढरांमागं हिंडता हिंडता गायला शिकल्या. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाल्या, "हे मक्याचं कणीस तोंडाम्होरं कशाला धरलंय रे?" पण आवाज चढला की आपणच मागं सरायच्या, उतरला की जवळ यायच्या. कुणी शिकवलं नव्हतं. हळदीला त्या एकेका नातलगाचं नाव तिथल्या तिथं ओवीत गुंफायच्या. नाव आलं की ते माणूस उठून हळद लावी. एक ओवी दोन मांडवांत सारखी कधी ऐकली नाही मी. आणि ज्याचं नाव राहिलं, तो वर्षभर रुसायचा.

दैवशालाच्या लेकीची हळद होती. दैवशालाचा भाऊ येडबा एका मेंढ्याच्या वाटणीवरून तीन वर्षं बोलत नव्हता. तीनदा बोलावणं गेलं, तेव्हा कुठं आला. पण मांडवाबाहेर लिंबाखाली पाठ करून बसला.

"मावशे, माझ्या भावाचं नाव तेवढं गोड करून घे," दैवशाला रडवेली होऊन म्हणाली. "मामाबिगर पोरीला हळद कशी लावू?"

"बघते," बानूबाई म्हणाल्या.

तेव्हा त्यांचा गळा थकला होता. वरचा सूर लागत नव्हता, तिथं त्या नुसता श्वास सोडायच्या, आणि तोही सुरात असायचा. आत्या झाली, काकू झाली, शेजारीण झाली, शिवशंकरचंसुद्धा नाव आलं. मामाचं आलंच नाही. बाई थांबल्या. दैवशालाचा चेहरा उतरला.

एवढ्यात येडबा तरातरा आत आला. "ए बानूमावशे! माईकवाल्याचं नाव आलं अन् मामाचं न्हाई? मेलो का मी?"

"बया! मला वाटलं पोरीला मामाच न्हाई."

मांडव हसला. येडबा लाजला. बाई हलकेच माझ्याजवळ आल्या आणि गायल्या,

"रागाची धूळ पायाला, मामानं झटकली दारात,
भाचीची हळद लाविता, बहीण मावंना घरात."

येडबानं भाचीच्या गालाला हळदीचा हात लावला. दैवशालानं तो धरला आणि ती मोठ्यानं रडली.

गाणं कुठं थांबवायचं, हे त्या दिवशी मला कळलं.

बानूबाई आता मांडवात येत नाहीत. ओसरीवर बसून ओव्या पुटपुटतात. शिवशंकर म्हणतो, मला दुरुस्त करून घेईन. मी म्हणतो, नको. त्यापेक्षा तुम्हीच बानूबाईंजवळ जाऊन बसा. तुमचं नाव सांगा आणि गप्प ऐका.